रक्तगट, गुठळी आणि हृदय

रक्तदान शिबिरात नाव लिहून झालं की पहिल्याच टेबलावर बोटाला सुई टोचतात. एक थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडतात. तो तळाला गेला की हिमोग्लोबिन पुरेसं आहे असं समजायचं. मग काचपट्टीवर तीन थेंब. एकात निळं औषध, दुसऱ्यात पिवळं, तिसऱ्यात बिनरंगी. काडीने ढवळून पट्टी हलकेच डोलवली की दोनेक मिनिटांत दूध फाटावं तसे त्यात लाल कण दिसू लागतात. निळ्यात फाटलं तर ए, पिवळ्यात फाटलं तर बी, दोन्हींत फाटलं तर एबी, दोन्ही जसेच्या तसे राहिले तर ओ. तिसरा थेंब पॉझिटिव्ह-निगेटिव्हसाठी.

गेल्या गणपतीत आमच्या मंडळाच्या शिबिरात मी याच टेबलाशी मदतीला होतो. सव्विशीच्या एका मुलाचे दोन्ही थेंब फाटले. "एबी. मला माहितीये," तो म्हणाला. "एबीवाल्यांना अटॅक जास्त येतात म्हणे. खरंय का, काका?" मागे रांग होती. मी त्याला उलट एकच प्रश्न विचारला. त्याकडे शेवटी येतो, आधी त्याच्या प्रश्नाचं उत्तर.

खरं आहे. फक्त त्यातलं ‘जास्त’ म्हणजे किती, हे बघायला हवं.

व्हिएन्नात कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली रक्तगटांचा शोध जाहीर केला, तेव्हा प्रश्न कुणाचं रक्त कुणाला चालतं एवढाच होता. गट ठरतो तो लाल पेशींवरच्या साखरेच्या बारीक साखळ्यांवरून. मूळ साखळीला ‘एच’ म्हणतात. ए गटात तिच्या टोकाला एक जादा साखर चिकटते, बी गटात दुसरी, म्हणजे दुधातल्या साखरेत असते ती गॅलॅक्टोज. ही साखर चिकटवणाऱ्या विकराची कृती आपल्या नवव्या गुणसूत्रावर लिहिलेली असते. ओ गटाच्या बहुतेकांत त्या कृतीतलं एक अक्षर गळालेलं असतं. तेवढ्याने विकर निकामी होतं आणि एच साखळी उघडीच राहते.

या साखळ्या फक्त लाल पेशींवर असत्या तर हृदयाचा प्रश्नच आला नसता. त्या रक्तातल्या एका प्रथिनावरही असतात, आणि गोष्ट खरी तिथे आहे. १९२६ मध्ये एरिक फॉन विलेब्रांड या फिनलंडच्या डॉक्टरांनी ओलांड बेटांवरच्या एका कुटुंबाची हकीकत लिहिली. पाच वर्षांची एक मुलगी, तिला रक्तस्राव झाला की थांबायचा नाही, आणि घरात आणखी कितीतरी जणांना तेच. त्यांच्या रक्तात जे कमी पडत होतं, त्या प्रथिनाला पुढे त्या डॉक्टरांचंच नाव मिळालं. हे प्रथिन एरवी गुंडाळलेल्या दोऱ्यासारखं फिरत असतं. रक्तवाहिनीला इजा झाली की ते तिथे अडकतं, प्रवाहाच्या ओढीने उलगडतं आणि वाहत्या प्लेटलेट पकडून ठेवतं. भोक बुजायला सुरुवात होते ती अशी. ओ गटाच्या लोकांत हे प्रथिन इतर गटांपेक्षा सुमारे २५ टक्के कमी असतं. त्यांच्यात ते रक्तातून लवकर काढून टाकलं जातं, आणि त्याचे तुकडे करणारी जी कात्री शरीरात आहे तिलाही ते लवकर सापडतं.

याचा एक पुरावा आपल्या मुंबईशी जोडलेला आहे. १९५२ मध्ये डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत एक अनोखा रक्तगट नोंदवला. यात मूळची एच साखळीसुद्धा नसते. तोच ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’. या गटाच्या लोकांचं हे प्रथिन २००५ मध्ये तपासलं गेलं, तेव्हा त्याचं प्रमाण कमी निघालं आणि कात्रीपुढे ते आणखी कमी टिकतं हेही दिसलं. दुर्मीळ गटाच्या माणसांनी दिलेल्या थोड्याशा रक्ताने एवढा मोठा धागा हाती लागावा, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता आकडे. हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या ६२ हजार महिला आणि २७ हजार पुरुषांच्या वीसहून अधिक वर्षांच्या नोंदी २०१२ मध्ये मांडल्या. ओ गटाच्या तुलनेत हृदयधमनीच्या विकाराचा धोका ए गटात ५ टक्के, बी गटात ११ टक्के आणि एबी गटात २३ टक्के जास्त दिसला. बातम्यांमध्ये हा २३चा आकडा ठळक छापला गेला. पण हे २३ टक्के कशाचे? मूळ धोका जर हजारात १४ असेल, तर २३ टक्के वाढून तो हजारात साधारण १७ होतो. २०१७ मध्ये सुमारे १३ लाख लोकांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा तर ओ गटात हजारी १४ आणि बाकीच्या गटांत मिळून हजारी १५ जणांना हृदयविकाराची घटना घडल्याचं दिसलं. फरक आहे. हजारात एक.

मला यापेक्षाही मोलाचा वाटतो तो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातला २०११चा अभ्यास. धमनीत चरबीचा थर साचण्याशी रक्तगटाचा संबंध त्यात दिसला नाही. पण ज्यांच्या धमन्यांत थर आधीच होता, त्यांच्यापैकी झटका कुणाला आला याच्याशी मात्र दिसला. हे यंत्रणेशी तंतोतंत जुळतं. थर साचायला वर्षं लागतात, मग एक दिवस तो फुटतो, त्यावर गुठळी धरते आणि वाट बंद होते. रक्तगटाचा हात त्या शेवटच्या टप्प्यात आहे. म्हणूनच पायाच्या खोल शिरांत होणाऱ्या गुठळ्यांमध्ये हा फरक कितीतरी ठसठशीत आहे. ओ नसलेल्यांना तो धोका दीडपट ते दुप्पट असतो.

या अभ्यासांतली बरीच माणसं युरोपीय वंशाची आहेत, हेही लक्षात ठेवायला हवं. अमेरिकेत बी गट दहातल्या एकाचा, आपल्याकडे साधारण तिघांतल्या एकाचा. तिथला टक्का उचलून इथल्या माणसाला चिकटवणं बरोबर नाही.

आणि मला काळजी वाटते ती एबीवाल्यांपेक्षा ओ गटाच्या त्या माणसाची, जो ‘आपल्याला काय होतंय’ म्हणून बिडी पेटवतो. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात धूम्रपान करणाऱ्यांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका जवळपास तिप्पट निघाला. त्याच अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका सरासरी ५३व्या वर्षी आला होता, इतरांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी.

त्या मुलाला मी विचारलं होतं, "घरात कुणाला झालाय?" तो म्हणाला, "पप्पांना. अठ्ठेचाळीसचे होते." वडिलांना पंचावन्नच्या आत झटका आलेला असणं हा डॉक्टर मोजतात असा धोका आहे, रक्तगटापेक्षा कितीतरी वजनाचा. "कोलेस्टेरॉल कधी तपासलंस? बीपी?" बीपी आत्ताच, इथेच, पहिल्यांदा. शिबिराच्या पावतीमागे मी ‘लिपिड प्रोफाइल, शुगर’ एवढं लिहून दिलं. त्याने ती दुमडून खिशात ठेवली आणि बाही वर करून कॉटवर जाऊन पडला.