जबड्याची विषमता व उच्चारण

वरचा व खालचा जबडा एकमेकांवर नीट न बसल्यामुळे वर्णांच्या उच्चारात पडणारा फरक. तोंड मिटले असता वरचे पुढचे दात खालच्या दातांच्या किंचित, सामान्यतः २ ते ३ मिमी., पुढे राहतात. हे अंतर फार वाढले, खालचे दात वरच्यांच्या पुढे गेले किंवा दाढा टेकूनही पुढच्या दातांत फट उरली, तर जीभ आणि ओठ यांना उच्चाराची नेहमीची जागा सापडत नाही. दोष हाडांच्या वाढीत असतो, केवळ दातांच्या मांडणीत असतो किंवा दोन्हींत असतो. आनुवंशिकता, दुभंगलेला टाळू, दीर्घकाळ अंगठा चोखणे व गिळताना जीभ दातांवर रेटणे ही त्याची परिचित कारणे होत.

अमेरिकन दंतवैद्य एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये पहिल्या कायमच्या दाढेच्या स्थानावरून तीन वर्ग पाडले. पहिल्यात दाढांचा मेळ योग्य, पण इतर दात वेडेवाकडे असतात. दुसऱ्यात खालचा दंतपंक्तीचा भाग मागे, तर तिसऱ्यात पुढे असतो. ही विभागणी आजही रूढ आहे. मात्र ती पुढे-मागेपणापुरतीच पाहते. उच्चाराच्या दृष्टीने पुढच्या दातांतील उभी फट अधिक महत्त्वाची ठरते, आणि अँगल यांच्या कोष्टकात तिला स्वतंत्र जागा नाही.

सर्वांत आधी बिघडतो तो ‘स’. या वर्णासाठी जिभेच्या मध्यावर अरुंद पन्हळ तयार होते, तिच्यातून निघालेला हवेचा झोत पुढच्या दातांच्या कडांवर आपटतो आणि तीक्ष्ण घर्षणध्वनी उमटतो. फट असली की झोताला अडथळा मिळत नाही. बहुधा जिभेचे टोकच फटीत शिरते आणि ‘सासू’ हा शब्द ‘थाथू’च्या जवळ जातो. मराठीत हा परिणाम ‘स’वर थांबत नाही. ‘चमचा’, ‘जहाज’, ‘झाड’ यांतील च, ज, झ हे वर्ण दंतमूळाशी उच्चारले जातात व त्यांच्या पोटात तेच घर्षण असते, त्यामुळे तेही सैल पडतात. ‘चार’, ‘जीव’ यांतील तालव्य उच्चार जिभेच्या फळ्याने, म्हणजे टोकामागील सपाट भागाने, अधिक मागे होत असल्याने तुलनेने सुरक्षित राहतात. दुधाचे दात पडल्यावर सहा-सात वर्षांच्या मुलांत दिसणारा ‘स’चा दोष तात्पुरता असतो. त्याला बोबडेपणा म्हणून मुलाला हिणवणे सर्वस्वी चुकीचे आहे.

ओठांच्या वर्णांत दोन्ही टोकांचे चित्र उलटसुलट दिसते. खालचा जबडा मागे असलेल्यांत ‘प’, ‘ब’, ‘म’ म्हणताना दोन्ही ओठ मिटणे अवघड जाते. खालचा ओठ वरच्या दातांना टेकतो आणि वर्ण दंतौष्ठ्य होतो. खालचा जबडा पुढे असलेल्यांत ‘वीट’मधील ‘व’ किंवा ‘ऑफिस’मधील ‘फ’ यांसाठी खालचा ओठ वरच्या दातांपर्यंत पोचत नाही. त्याऐवजी वरचा ओठ खालच्या दातांवर येतो किंवा दोन्ही ओठच एकमेकांजवळ येतात. आरशात हा फरक ठळक दिसतो, कानाला मात्र तो अनेकदा जाणवतही नाही.

दोष मोठा असूनही वाचा स्पष्ट राहण्याचे कारण ही भरपाई होय. स्वीडिश ध्वनिशास्त्रज्ञ ब्यूर्न लिंडब्लूम व सहकाऱ्यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत वक्त्यांच्या दातांमध्ये ठोकळा बसवून जबडा स्थिर केला, तरी त्यांचे स्वर जवळजवळ पूर्ववत आले, तेही सरावाविना. म्हणूनच जबड्याच्या मापांवरून उच्चारदोषाचे भाकीत करणे धोक्याचे असते. ‘स’ला ही सवलत कमी मिळते, कारण त्यात दातांची कडच ध्वनी घडवते.

या विषयातील सर्वांत गाजलेला वाद दंतौष्ठ्य वर्णांच्या उगमाचा आहे. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स हॉकेट यांनी १९८५ मध्ये असे मांडले की, कठीण अन्न चावून दात झिजणाऱ्या समाजांत प्रौढपणी वरचे-खालचे दात कडेला कड भिडतात व तेथे ‘फ’सारखे घर्षक दंतौष्ठ्य वर्ण विरळ असतात, शेतीमुळे अन्न मऊ झाल्यावर ते रुजले. मानवशास्त्रज्ञ चार्ल्स लोरिंग ब्रेस यांनी यास हरकत घेतली. त्यांच्या मते वरचे दात पुढे राहण्याची ठेवण शेतीइतकी जुनी नसून काट्या-चमच्यांसारख्या साधनांच्या प्रसारानंतरची, म्हणजे युरोपात अवघ्या काही शतकांची आहे. हॉकेट यांनी त्यानंतर आपला आग्रह सोडला असे सांगितले जाते. २०१९ मध्ये दामियान ब्लासी, स्टीव्हन मोरान, बाल्थासार बिकेल व सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात ही कल्पना पुन्हा मांडली. त्यांच्या जैवयांत्रिक प्रतिमानानुसार वरचे दात पुढे असताना दंतौष्ठ्य वर्णाला सुमारे ३० टक्के कमी श्रम पडतात. शिकारी-संकलक समाजांच्या भाषांत या वर्णांचे प्रमाण अन्नोत्पादक समाजांच्या जवळपास चतुर्थांश आढळले. केलेब एव्हरेट व सिहान चेन यांनी २०२१ मध्ये वेगवेगळ्या दंतमेळाच्या इंग्रजी भाषकांतही याला पूरक फरक नोंदवला. भाषांचा परस्परसंपर्क व उसने शब्द यांचा वाटा वेगळा काढणे कठीण असल्याने काही भाषाशास्त्रज्ञ साशंक आहेत. तरीही ब्रेस यांच्या आक्षेपाचा रोख मुख्यतः कालनिर्णयावर होता, कार्यकारणावर नव्हता, हे लक्षात घेता नवे विवेचन अधिक ग्राह्य वाटते.

भारतीय परंपरेत या संबंधाची जाण जुनी दिसते. शिक्षाग्रंथांत, म्हणजे वेदांच्या उच्चारशास्त्रावरील ग्रंथांत, वर्णोच्चारास अपात्र ठरवलेल्यांत ‘कराल’, म्हणजे पुढे आलेल्या दातांचा, आणि लांब ओठांचा मनुष्य यांची गणना आहे. या ग्रंथांचा काळ निश्चित नाही. उपलब्ध पाठ बरेच उत्तरकालीन असावेत. युरोपात स्पेनचा राजा दुसरा कार्लोस (१६६१–१७००) याच्या पुढे आलेल्या हनुवटीसह अस्पष्ट बोलण्याचे उल्लेख मिळतात, पण त्याच्या इतर व्याधी पाहता सर्व दोष जबड्यावर टाकता येत नाही.

वाढीच्या वयात दातांना तारा लावून बराच मेळ साधतो. हाडांतील मोठी विषमता वाढ पूर्ण झाल्यावर शस्त्रक्रियेने दूर करतात. खालच्या जबड्याची उभी फाळणी करून तो सरकवण्याची पद्धत ट्राउनर व ओब्वेगेझर यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केली. वरच्या जबड्यावरील शस्त्रक्रियेला फ्रेंच शल्यचिकित्सक रने ल फोर यांचे नाव आहे, कारण तिचा छेद त्यांनी १९०१ मध्ये वर्णन केलेल्या अस्थिभंगरेषेच्या धर्तीचा असतो. वरचा जबडा पुढे आणताना मृदुतालू, म्हणजे टाळूचा मागचा मऊ भागही पुढे ओढला जातो. दुभंगलेला टाळू शिवलेल्या रुग्णांत त्यामुळे घशाच्या मागच्या भिंतीशी फट राहून बोलणे नाकातून येऊ शकते, म्हणून त्यांची वाचातपासणी शस्त्रक्रियेपूर्वीच व्हायला हवी.

हाडे जागेवर आली तरी जिभेची जुनी सवय आपोआप सुटतेच असे नाही. तेथे वाचोपचार लागतो. लंडनचे दंतवैद्य ओकली कोल्स यांनी १८७१-७२ च्या सुमारास टाळूला पीठ व डिंक यांचा लेप लावून जिभेच्या स्पर्शाचे ठसे घेतले होते. त्याच तत्त्वावरील विद्युत् उपकरणात रुग्णाच्या मापाच्या कृत्रिम टाळूवर विद्युत्-अग्रे बसवतात; एका प्रचलित प्रकारात ती ६२ असतात. ‘स’ म्हणताना जिभेच्या दोन्ही कडा कोठे टेकल्या आणि मधली पन्हळ उघडी राहिली की नाही, हे रुग्णाला पडद्यावर त्याच क्षणी दिसते व त्याप्रमाणे तो जीभ हलवून पाहतो.