गॅनिमीडच्या दोन प्रती

मायकेलअँजेलोने १५३२-३३च्या सुमारास तोम्मासो कावालिएरी या रोमन उमरावाला जी रेखाटने भेट दिली, त्यांची यादी वासारीच्या कलावंत-चरित्रांच्या १५६८च्या आवृत्तीत सापडते: गॅनिमीड (ग्रीक पुराणातला, झ्यूसच्या गरुडाने उचलून नेलेला मुलगा), टिटियस (आडवा जखडलेला, पक्षी ज्याला टोचतो तो राक्षस), फेथॉनचे (सूर्याचा रथ न पेलवलेल्या मुलाचे) पतन, बालकांचा मद्योत्सव. विषयांबद्दल वाद नाही. आज हाती असलेल्या कागदांपैकी भेटीचा कोणता, यावर मात्र आहे.

याचे मूळ भेटीच्या दिवसांतच शोधावे लागते. सप्टेंबर १५३३च्या पत्रात कावालिएरी मायकेलअँजेलोला कळवतो की मेदिची घराण्यातल्या कार्डिनलने सगळी रेखाटने पाहायला मागवली, टिटियस आणि गॅनिमीड त्याला स्फटिकात कोरून हवे होते, गॅनिमीड कसाबसा वाचवला. कागद असे हातोहात फिरू लागले की नकला निघणारच.

आपल्याकडे ‘प्रत’ म्हणजे नक्कलही आणि दर्जाही. गॅनिमीडचा घोळ याच दोन अर्थांमधला. इंग्लंडच्या राजसंग्रहातले, विंडसरचे रेखाटन इतक्या सफाईचे की ते बराच काळ मायकेलअँजेलोचेच मानले गेले. दर्जा उंच, म्हणून हात गुरूचा! पण जूलिओ क्लोव्हिओसारखा लघुचित्रकार नेमका अशाच सफाईसाठी नावाजलेला होता, आणि आता तो कागद बहुतेकदा त्याच्या नावे सांगितला जातो. विंडसरला फक्त गरुड आणि मुलगा आहेत. हार्वर्डच्या मोठ्या कागदावर खाली जमीन आहे, मागे राहिलेला कुत्राही आहे. हा कागद संग्रहालयात १९५५ साली आला आणि १९७५मध्ये एका अभ्यासकाने तोच मूळ असल्याचे मांडले. पुष्कळांना ते पटले. काहींच्या मते मात्र तोही नक्कलच. तपशील जास्त म्हणून मूळ, हा युक्तिवाद मला तरी एकट्याने पुरेसा वाटत नाही; नक्कल करणाराही भर घालू शकतो.

फेथॉनची तीन रेखाटने आहेत, लंडन, व्हेनिस आणि विंडसर इथे. लंडनच्या कागदावर मायकेलअँजेलोनेच लिहिले आहे की हा आराखडा आवडला नाही तर उर्बिनोला, म्हणजे नोकराला, सांगावे. दुसरा करायला वेळ मिळेल. एकच विषय पुन्हा काढणे ही त्याची स्वतःची रीत होती, तेव्हा दुसरा कागद दिसला की तो नकलेचाच, असे धरता येत नाही. १९९०च्या दशकात एका जर्मन अभ्यासकाने मायकेलअँजेलोच्या नावावरची बरीच रेखाटने इतरांना देऊन टाकली. ते टोक फारसे कुणी स्वीकारले नाही.

टिटियस त्या मानाने निर्धोक. त्याच कागदाच्या मागच्या बाजूला ती आकृती गिरवून, उभी करून, पुनरुत्थित ख्रिस्त केलेला आहे.