बोअर: एक स्पेलिंग, चार कुळं

रावेर-यावलकडे 'बोअर मारला' म्हणजे विंधन विहीर, गॅरेजात 'बोअर गेला' म्हणजे इंजिन, कट्ट्यावर 'बोअर झालं' म्हणजे कंटाळा. इंग्रजीत स्पेलिंग एकच, कुळं मात्र वेगवेगळी.

पहिले दोन सख्खे भाऊ. जुन्या इंग्रजीत 'बोरिअन' म्हणजे भोक पाडणे. साक्रीच्या काळ्या खडकात साडेसहा इंची भोक घेतलं, तर केसिंग, म्हणजे भिंती धरून ठेवणारा पाइप, वरच्या माती-मुरमापुरतं पुरतं. तापीकाठच्या गाळात तसं केलं तर भिंती ढासळतात. तिथे तळापर्यंत पाइप लागतो, पाण्याच्या थरासमोर चिरा असलेला, आणि त्याभोवती बारीक खडी. खडी नीट बसली नाही की पाण्याबरोबर वाळू येते आणि पंपाचे इंपेलर, म्हणजे पाणी ढकलणारी चक्रं, झिजतात.

इंजिनात बोअर म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास. 50 मिमी बोअर आणि 49.5 मिमी स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव, असेल, तर एका सिलिंडरचे 97.2 सीसी होतात. सिलिंडर झिजला की ऑइल जळून निळसर धूर निघतो. अशा वेळी पिस्टनभोवतीच्या नुसत्या रिंगा बदलणं म्हणजे पैसे वाया. झीज वरच्या भागात जास्त होते, भोक गोल राहत नाही, त्यामुळे नवी रिंगही नीट टेकत नाही. म्हणून पाव किंवा अर्धा मिमी बोअर वाढवून तेवढाच मोठा पिस्टन घालतात.

'बारा बोअर'च्या बंदुकीतला आकडा मात्र व्यासाचा नाही. नळीत नेमकी बसेल अशी शिशाची गोळी घ्यायची. एका पौंडात तशा 12 बसतात. म्हणजे गोळी सुमारे 38 ग्रॅमची, नळी साडेअठरा मिमीची. वीस बोअरची नळी त्याहून बारीक!

हुगळी नदीत भरतीची लाट भिंतीसारखी उलटी चढते, तिलाही बोअरच म्हणतात. हे दुसरं कुळ: जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे स्कँडिनेव्हियाच्या जुन्या भाषेत, 'बारा' म्हणजे लाट. आपल्या बाराशी त्याचा संबंध नाही.

तिसरं कुळ कंटाळ्याचं. हा बोअर इंग्रजीत 1760 च्या दशकात उगवला. 'डोकं पोखरतो तो बोअर' ही व्युत्पत्ती ऐकायला झकास, पण शब्दकोशकारांनी ती सिद्ध मानलेली नाही.

चौथं कुळ आपल्या घरचं निघतं. 'वाहणे' या अर्थाच्या 'बेअर' क्रियापदाचा भूतकाळ 'बोअर'. संस्कृत 'भृ' धातू त्याचाच भाऊबंद. भुसावळच्या फलाटावर हमाल उचलतो तो भार याच घराण्यातला.

मेहरूणची बोरं यांत कुठेच बसत नाहीत. ती 'बदर'ची लेकरं.