सामायिक चलन (अनेक देशांचं एकच चलन)

सामायिक चलन म्हणजे दोन किंवा त्याहून जास्त स्वतंत्र देशांनी आपापल्या नोटा-नाणी बंद करून एकच चलन वापरायचं आणि ते सांभाळायला एकच मध्यवर्ती बँक ठेवायची. यूरो हे त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण. यात बऱ्याचदा दोन वेगळे प्रकार मिसळले जातात, म्हणून आधीच सांगतो. पनामा, इक्वेडोर, एल साल्वाडोर हे देश अमेरिकन डॉलर वापरतात पण तो कसा चालवायचा यात त्यांना मत नाही, ते उसनं चलन झालं. आणि नेपाळचा रुपया भारतीय रुपयाशी १.६० ला बांधलाय, भूतानचा नुल्ट्रम एकास एक, पण ती त्यांची स्वतःची चलनं आहेत. ज्यात प्रत्येक देशाला निर्णयात वाटा मिळतो तेच खरं सामायिक.

आपल्या भागाला हा प्रश्न नवीन नाही. पेशवाईत आणि त्यानंतरही काही काळ सातारा-सांगलीकडे सगळीकडे चालणारा एकच रुपया असा नव्हताच. चांदवडी, अंकुशी, सुरती, असे किती रुपये फिरत होते, मिरजेच्या टांकसाळीचे वेगळे, त्यावर मिरजेचं मुर्तजाबाद हे नाव. गावात नाणं आलं की सराफ ते तोलायचा, वाजवून बघायचा, चांदी कमी-जास्त किती ते ठरवायचा, कधी आपली खूण ठोकायचा आणि मग बट्टा, म्हणजे नाणं बदलायची कसर, कापून दुसरं नाणं द्यायचा. बट्टा पेठेपेठेला वेगळा, त्यामुळे कऱ्हाडहून पुण्याला माल नेणाऱ्याचा थोडा नफा वाटेतच सराफांकडे जायचा. १८३५ मध्ये कंपनीने १८० ग्रेन वजनाचा एकसारखा रुपया काढला आणि हा बट्ट्याचा जाच हळूहळू संपला (तांब्याची शिवराई मात्र खेड्यापाड्यात पुढेही बराच काळ चालली). व्यापाऱ्याची सोय झाली हे खरंच, पण नाणं पाडायचा अधिकार गेला आणि पैशाचे निर्णय लांब कुठेतरी व्हायला लागले हेही तितकंच खरं. सामायिक चलनाचा आजचा वादही याच दोन गोष्टींचा आहे.

बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा तासगावच्या द्राक्षबागायतदाराला लगेच कळतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये माल उतरायचा, पॅकहाऊसला पॅकिंग, न्हावा शेवाहून कंटेनर जाणार आणि रॉटरडॅमला पोचेपर्यंत काही आठवडे. पैसे यूरोत, तोवर यूरो घसरला तर माल एक नंबर असूनही रुपयात हातात कमी येतात, वर यूरोचे रुपये करून द्यायचा बँकेचा खर्च आहेच. तोच माल डच व्यापारी पुढे जर्मनीत विकतो तेव्हा त्याला यातलं काहीच नाही, नेदरलँड्समध्येही यूरो आणि जर्मनीतही यूरो. भाव ताडून बघायला सोपं, छोट्या देशाला कर्जही स्वस्त मिळतं, कारण चलनामागे मोठी बँक उभी असते.

विरोधातला मुद्दा जड आहे आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचा. स्वतःचं चलन असलेला देश अडचणीत आला की त्याचं चलन घसरतं, निर्यात स्वस्त होते, पर्यटक येतात, मध्यवर्ती बँक व्याजदर खाली आणते. सामायिक चलनात ही दोन्ही हत्यारं हातातून जातात. यूरोचा पाया घालणाऱ्या १९९२ च्या मास्ट्रिक्ट कराराने आत यायच्या अटी घातल्या होत्या, सरकारची तूट जीडीपीच्या (देशाच्या वर्षाच्या एकूण उत्पादनाच्या) ३ टक्क्यांच्या आत, कर्ज ६० टक्क्यांच्या आत, १९९९ मध्ये ११ देशांनी यूरो हिशोबात आणला, २००२ पासून नोटा-नाणी खिशात आली. ग्रीस २००१ मध्ये आत आला. त्या दशकात व्याजदर सगळ्यांना एकच, जर्मनीला तो ठीक होता पण आयर्लंड-स्पेनमध्ये घरांच्या किमती भडकल्या. २००९ च्या शेवटी ग्रीसची तूट सांगितली होती त्याहून बरीच मोठी निघाली, आणि ड्राख्मा (ग्रीसचं जुनं चलन) तर आता नव्हताच, मग घसरणार काय? घसरले ते पगार आणि पेन्शन. २०१३ मध्ये बेरोजगारी २७ टक्क्यांवर होती, अर्थव्यवस्था साधारण पाव हिश्श्याने आकसली, आणि २०१५ च्या उन्हाळ्यात तीन आठवडे बँका बंद, एटीएममधून दिवसाला ६० यूरो, त्यासाठी म्हाताऱ्या माणसांच्या रांगा. एवढं सोसून ग्रीस यूरोतच राहिला ही गोष्टही विसरू नये, बाहेर पडणं त्याहून भयंकर वाटलं लोकांना.

मग एक चलन कुठे चालतं? रॉबर्ट मंडेल या अर्थतज्ज्ञाने १९६१ मध्ये हाच प्रश्न विचारला (त्यांना १९९९ चं नोबेल मिळालं) आणि त्यांचं म्हणणं असं की माणसं कामासाठी सहज हलू शकतात तिथे. हे आपल्याला पुस्तकातून शिकायची गरजच नाही. आटपाडी, खानापूर, माण, खटाव हा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा, पाऊस नाही झाला तरी माणदेशासाठी रुपया काही वेगळा घसरत नाही आणि विट्याला कर्जाचा दर पुण्यापेक्षा खाली येत नाही. तरी हा भाग टिकला, कारण विट्याकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या धंद्यात देशभर पसरली, साताऱ्याकडची मुंबईला माथाडी झाली आणि पैसे गावी येत राहिले.

पण नुसतं स्थलांतर पुरत नाही, तिजोरीही एक लागते. रोजगार हमी योजना बघा. सांगली जिल्ह्यातले वि. स. पागे यांची ही कल्पना, तासगाव भागात आधी करून पाहिलेली, मग १९७२ च्या दुष्काळात राज्यभर गेली, आणि तिच्यासाठी व्यवसाय कर बसला तो मुख्यतः शहरातल्या पगारदारांवर. म्हणजे मुंबईच्या नोकरदाराच्या पगारातून कापलेल्या पैशावर आटपाडीच्या मजुराला खडी फोडायची मजुरी मिळाली, आणि ती कर्ज म्हणून नाही, हक्क म्हणून. यूरोत नेमकं हेच नव्हतं. युरोपियन युनियनचं बजेट सदस्य देशांच्या एकूण उत्पन्नाच्या साधारण १ टक्का, आणि एकाचं कर्ज दुसऱ्याने फेडायचं नाही असं करारातच लिहिलेलं. ग्रीसला जे मिळालं ते अटी घातलेलं कर्ज. २०२० मध्ये कोरोनानंतर ७५० अब्ज यूरोचा एकत्र कर्ज काढून फंड ठरला, एवढ्या मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदाच.

यूरोच्या आधीही प्रयोग झाले. १८६५ चा लॅटिन चलनसंघ (फ्रान्स, इटली वगैरे देशांचा), १८७३ चा स्कँडिनेव्हियन, दोन्ही पहिल्या महायुद्धाच्या धक्क्यातून सावरले नाहीत. आफ्रिकेत सीएफए फ्रँक (मुख्यतः फ्रान्सच्या जुन्या वसाहतींचं चलन) १९४५ पासून आहे, आज १४ देशांत दोन गटांत चालतो, आणि १९९४ मध्ये त्याची किंमत एका फटक्यात निम्मी केली गेली तेव्हा आयात औषधं-धान्य घेणाऱ्यांचं काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको. स्वीडनने २००३ मध्ये सार्वमत घेऊन यूरोला नाही म्हटलं, उलट बल्गेरिया २०२६ मध्ये आत आला.

दक्षिण आशियात रुपया कधीकाळी खरंच लांबपर्यंत चालायचा. फाळणीनंतर काही महिने पाकिस्तानातही रिझर्व्ह बँकेच्याच नोटा होत्या, आखाती देशांसाठी १९५९ मध्ये वेगळा गल्फ रुपया काढला होता, १९६६ मध्ये आपण रुपयाचं अवमूल्यन केलं आणि तिथल्या उरलेल्या देशांनी तो सोडायला सुरुवात केली. २००३ मध्ये पंतप्रधान वाजपेयींनी दक्षिण आशियाच्या एका चलनाची कल्पना बोलून दाखवली होती. आज ती फारच लांब आहे, आणि नुसतं भारत-पाक भांडण हे त्याचं कारण नाही. भारत इतका मोठा की असं चलन दिल्ली-मुंबईतूनच चालेल आणि बाकीच्यांना ते साहजिकच नको असेल. ८ नोव्हेंबर २०१६ ला आपल्याकडे नोटबंदी झाली तेव्हा नेपाळमधल्या लोकांकडेही ५००-१००० च्या भारतीय नोटा होत्या, इथे कामाला येणाऱ्यांनी साठवलेल्या. त्या निर्णयात काठमांडूला काही मत नव्हतं, आणि तिकडच्या नोटा बदलून द्यायचा प्रश्न पुढे वर्षानुवर्षं लोंबकळत राहिला.