डायरेक्टर्स कट म्हणजे एक्सटेंडेड कट नव्हे

फसलेल्या ऐतिहासिक महापटाचा विषय निघाला की ‘त्याचा डायरेक्टर्स कट बघा, तासभर मोठा आहे’ असा सल्ला हमखास मिळतो, आणि सल्ला देणाऱ्याने पाहिलेला असतो एक्सटेंडेड कट. चित्रपटगृहात लागलेली प्रत सर्वांच्या परिचयाची असते, त्यामुळे तिच्याविषयी वेगळे सांगायला नको. सुरुवातीला जोडलेले वाद्यसंगीत, मध्यंतराची पाटी, डीव्हीडीचे सोनेरी वेष्टन हे फरकही किरकोळ आहेत.

दिग्दर्शकाने आपल्या मर्जीने पूर्ण केलेल्या संकलनात नंतर जी दृश्ये घातली जातात, त्यांतून एक्सटेंडेड कट होतो. आणि निर्मात्यांच्या दडपणाखाली जे संकलन मोडले गेले, ते पुन्हा उभे केले की डायरेक्टर्स कट होतो. रिडली स्कॉट यांच्याच दोन चित्रपटांत हे स्वच्छ दिसते. ‘ग्लॅडिएटर’ २००० साली १५५ मिनिटांचा होता. २००५ मध्ये त्याची १७१ मिनिटांची प्रत आली, तेव्हा तिच्या प्रास्ताविकात स्कॉट यांनीच सांगून टाकले की आपला डायरेक्टर्स कट म्हणजे चित्रपटगृहात लागला तोच. तरीही त्या १७१ मिनिटांना ‘खरा ग्लॅडिएटर’ म्हणणारे भेटतात, याला काय म्हणावे!

‘किंगडम ऑफ हेवन’ची गोष्ट वेगळी आहे. २००५ साली प्रदर्शित झालेल्या १४४ मिनिटांच्या प्रतीत राणी सिबिला अचानक खचते, आरशासमोर स्वतःचे केस कापते, आणि प्रेक्षकाला त्याचे कारणच कळत नाही. पाऊण तासाहून अधिक मोठ्या असलेल्या डायरेक्टर्स कटमध्ये तिला एक लहान मुलगा आहे. कुष्ठरोगी मामाच्या मृत्यूनंतर तो जेरुसलेमच्या गादीवर बसतो. एका दस्तऐवजावर मोहोर उठवताना वितळलेले गरम मेण त्याच्या हातावर पडते आणि तो हात मागे घेत नाही. आई ते पाहते. मामाचाच रोग मुलाला जडल्याचे तिला तेव्हा उमगते, आणि पुढे ती त्याला मांडीवर घेऊन त्याच्या कानात विष ओतते. हे पाहिल्यावर केस कापण्याचे दृश्य पुन्हा समजावून सांगावे लागत नाही. चित्रपटाचा नायक असलेल्या लोहार बेलियनला जेरुसलेमची तटबंदी लढवण्याची विद्या कुठून आली, याचाही उलगडा इथेच होतो. तो पूर्वी युद्धात अभियंता म्हणून राबलेला असतो. थोडक्यात, छोट्या प्रतीतून कार्य ठेवून कारण कापले गेले होते.

मात्र मोठी प्रत ‘इतिहासाला अधिक धरून’ आहे, हे आवडते विधान अर्धेच खरे आहे. सिबिलाचा मुलगा पाचवा बाल्डविन हा बालराजा खरोखर होऊन गेला आणि ११८६ मध्ये मरण पावला. त्याचा कुष्ठरोग आणि आईने केलेला विषप्रयोग ही पटकथेची कल्पना आहे. मला ती कल्पना इतिहासापेक्षा प्रभावी वाटते, पण तिला इतिहास म्हणू नये.

म्हणून फसलेला महापट सुधारेल की नाही, हे ओळखायला मिनिटे मोजून उपयोग नाही. चित्रपटगृहात ‘ही असे का वागली?’ असे वाटले असेल, तर उत्तर कापलेल्या फितीत असू शकते. ‘हे संपणार कधी?’ असे वाटले असेल, तर आणखी अर्ध्या तासाने काय साधणार? ‘ट्रॉय’च्या २००७ मधील १९६ मिनिटांच्या प्रतीवर डायरेक्टर्स कट असेच लिहिले आहे, पण तिच्यात रक्तपात वाढला आहे आणि पार्श्वसंगीतात फेरफार झाले आहेत, मी जुनीच प्रत पाहतो.

ऑलिव्हर स्टोन यांच्या ‘अलेक्झांडर’ने तर ‘मोठा म्हणजे डायरेक्टर्स कट’ हे समीकरणच उलटे केले आहे. २००४ साली तो १७५ मिनिटांचा होता आणि २००५ चा डायरेक्टर्स कट त्याहून छोटा, १६७ मिनिटांचा निघाला. पुढे २००७ मध्ये २१४ मिनिटांची आणि २०१४ मध्ये २०६ मिनिटांची प्रत आली. प्रसंगांचा क्रम बदलला, लढाया पुढेमागे सरकल्या. पण अलेक्झांड्रियात बसून जे दाखवायला हवे ते तोंडाने सांगत राहणारा म्हातारा टॉलेमी, म्हणजे अलेक्झांडरचा जुना सेनानी, चारही प्रतींत आहे.