साखर कारखान्याची राख आणि सिमेंट: पार्श्वभूमी

सातारा-सांगली हा काळ्या कातळाचा मुलूख. सिमेंटला लागणाऱ्या चुनखडकाचे थर इथे नाहीत, कोळशावरचं मोठं औष्णिक वीज केंद्रही जवळपास नाही. त्यामुळे सिमेंट बाहेरून येतं आणि त्यात मिसळलेली फ्लाय ॲश, म्हणजे वीज केंद्रातल्या कोळशाची बारीक राख, तीसुद्धा बाहेरचीच. घरची राख एकच, ती मात्र मुबलक: कृष्णाकाठच्या साखर कारखान्यांच्या बॉयलरची, म्हणजे बगॅसची (रस काढून उरलेल्या उसाच्या चोथ्याची).

बांधकामात राख किंवा भाजलेली पूड घालणं नवं नाही. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट इंग्लंडमध्ये 1824 साली निघालं. त्याच्या कितीतरी आधीपासून आपले गवंडी चुन्यात सुरखी, म्हणजे भाजक्या विटांची पूड कालवत. चुना ओढ्याकाठी सापडणाऱ्या चुनखडीच्या खड्यांचा असे. वासोटा किल्ल्यावर तो मळायचा घाणा अजून दिसतो. रोमन लोकांनी चुन्यात ज्वालामुखीची राख वापरली. मर्म सगळीकडे एकच. राखेतली किंवा पुडीतली सिलिका, म्हणजे वाळूत असतं ते द्रव्य, स्फटिकरूप झालेली नसेल, तर ओल मिळताच ती चुन्याशी संयोग पावते आणि घट्ट होते. सिमेंटही पाण्याशी संयोग होताना चुना सोडतं. मिसळलेली राख तो पकडते आणि त्यातून नवा बंध तयार करते.

विसाव्या शतकात पहिला मान कोळशाच्या राखेला मिळाला. अमेरिकेतल्या हंग्री हॉर्स धरणात (1948 ते 1953) ती वापरली गेली, नंतर आपल्याकडे रिहंद धरणात. 1970च्या दशकात बर्कले विद्यापीठातले पी. कुमार मेहता यांनी भाताच्या तुसाच्या राखेवर काम केलं. आयएस 456 या काँक्रीटच्या भारतीय मानकाच्या 2000 सालच्या आवृत्तीत फ्लाय ॲशबरोबर तुसाच्या राखेचंही नाव आहे. बगॅसच्या राखेचं नाही.

ती मागे का पडली, याचं उत्तर बॉयलरमध्ये आहे. सहकारी कारखाने उभे राहिले तेव्हा बगॅस म्हणजे वाफ करायचं फुकटचं जळण. ते कसंही जळालं तरी चालत होतं, कारण उरलेल्या राखेला कुणी विचारत नव्हतं. 1990च्या दशकापासून वीजनिर्मितीसाठी जास्त दाबाचे बॉयलर येऊ लागले, पण त्यांचं लक्ष विजेवर. ज्वलन अपुरं राहिलं की राखेत काळा कोळसा उरतो आणि काँक्रीट पाणी जास्त मागतं. आच फार चढली की सिलिका स्फटिक होऊन निकामी होते. सिमेंटला हवी ती मधली आच, आणि ती सांभाळणं कारखान्याचं काम कधीच नव्हतं.

यावर उपायही निघाले आहेत. आयआयटी मद्रासच्या अभ्यासात 300 मायक्रॉनच्या चाळणीने अर्धवट जळालेले तंतू बाजूला काढून उरलेली राख सिमेंटइतकी बारीक दळली. सिमेंटच्या 25 टक्क्यांपर्यंत ती घालून काँक्रीट तपासलं गेलं. क्यूबात तर अशी राख चुन्यात मिसळून स्वस्त बंधक करण्याचं काम 1990च्या दशकातच झालं होतं.

एक टन उसामागे अंदाजे सहा किलो राख उरते. रोज 10,000 टन गाळणाऱ्या कारखान्यात ती 60 टनांच्या घरात जाते. पण गाळप हंगामापुरतंच, सिमेंटची मागणी मात्र बारमाही. धूर पाण्याने धुणाऱ्या यंत्रणेतून राख निघते तीही ओली, म्हणजे आधी वाळवणं आलं, मग चाळणं, मग दळणं. वीटभट्टीवाला यातलं काहीच मागत नाही. तो तीच राख जशीच्या तशी ट्रॉलीत भरून नेतो आणि मातीत मिसळतो.