बाग हवी, पण मुलांना बिनधास्त वापरता येईल अशी

बालरुग्णालयाला बाग हवी, हा विचार जवळजवळ बालरुग्णालयांइतकाच जुना आहे. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवर १८५२ साली १० खाटांचं बालरुग्णालय सुरू झालं. त्यानंतर काही वर्षांतच फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी रुग्णालयांच्या बांधणीविषयी लिहिताना मुलांसाठी मोठं आवार, हिरवळ आणि गवताचे उंचवटे मागितले. पुढे त्यांनी बजावलं की बाग फार देखणी करू नका, नाहीतर ती बिघडवली म्हणून मुलांनाच बोलणी बसतील. मला या विषयातलं हे सगळ्यात शहाणं वाक्य वाटतं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बाहेरची हवा हेच औषध होतं. हाडांचा क्षय झालेल्या मुलांना ऊन मिळावं म्हणून स्वित्झर्लंडमध्ये डॉ. ऑग्युस्त रोलिये यांच्या दवाखान्यांत खाटाच सज्जांवर आणल्या जात. क्षयावर गुणकारी औषधं आली, तसं उन्हाचं हे महत्त्व ओसरलं. रुग्णालयं उंच झाली, खिडक्या बंद झाल्या आणि मोकळ्या जागेत गाड्या उभ्या राहू लागल्या.

त्याच काळात, १९५६ साली, बॉस्टनच्या बालरुग्णालयात एक बाग उभी राहिली. कादंबरीकार ऑलिव्ह हिगिन्स प्राउटी यांनी आपल्या दोन दिवंगत मुलींच्या स्मरणार्थ तिच्यासाठी पैसा दिला. आजारी मुलं, आईवडील, परिचारिका यांना घटकाभर आजार विसरायला तिथे जागा मिळाली.

बागेच्या बाजूने आकडे मात्र उशिरा आले. रॉजर उलरिच यांनी १९८४ साली पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण समोर विटांची भिंत असलेल्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. हे रुग्ण मोठी माणसं होती, मुलं नव्हेत. शिवाय नुसतं पाहणं मुलाला कुठे पुरतं? सॅन दिएगोच्या बालरुग्णालयात १९९७ साली खास उपचारबाग झाली. तिच्या पाहणीत लोकांना ती आवडल्याचं दिसलं, पण अपेक्षेइतकी वापरली जात नव्हती. आणखी झाडं हवीत आणि मुलांना हाताळायला, करायला काहीतरी हवं, असं वापरणाऱ्यांनीच सांगितलं. नाइटिंगेल यांचं म्हणणं याहून फारसं वेगळं नव्हतं.

अडचणीही खऱ्या आहेत. प्रतिकारशक्ती खालावलेल्या मुलांना माती आणि कुजक्या पाल्यातल्या बुरशीपासून जपावं लागतं. सलाइनचा स्टँड आणि चाकाची खुर्ची जाईल एवढी रुंद, सपाट वाट लागते. शिकागोच्या लुरी बालरुग्णालयात २०१२ साली अकराव्या मजल्यावर काचेआड बाग केली, ती अशाच मुलांचा विचार करून.

जागेची ओढाताण मात्र सुटलेली नाही. बॉस्टनमध्ये नव्या इमारतीसाठी प्राउटी बाग हटवायचं ठरलं तेव्हा पालकांनी आणि डॉक्टरांनीही विरोध केला, प्रकरण न्यायालयात गेलं. तरी २०१६ साली बाग गेली. नव्या इमारतीत बागा आहेत, गच्चीवरही आहे. खाटांची गरज खोटी नव्हती, हे मान्य. पण साठ वर्षं वाढलेली झाडं असलेली जमीन कोणत्याही गच्चीवर पुन्हा तयार करता येत नाही, आणि आराखड्याच्या पहिल्या रेघेपासून ती राखून ठेवायला हवी होती असंच मला वाटतं.